विहाराच्या वाटेवरील अवसरी

पुण्याहून नाशिककडे निघालेला प्रवासी राजगुरुनगर सोडून खेड घाट चढतो, पेठ मागे टाकतो आणि अवसरी घाट उतरू लागतो, तेव्हा घोड नदीच्या खोऱ्याचा हिरवा पट्टा त्याच्या डोळ्यांसमोर उलगडतो. घाटाच्या पायथ्याशी मंचर, आणि मंचरच्या पूर्वेला अवसरी नावाची दोन गावे, एक खुर्द आणि एक बुद्रुक. फारसीत खुर्द म्हणजे धाकटे आणि बुजुर्ग म्हणजे वडील. बुजुर्गचे मराठी जिभेवर बुद्रुक झाले. गंमत अशी की आज नाव ऐकू येते ते धाकट्या गावाचे. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी तेथे येऊ लागले. वडील गाव मात्र आपल्या शेतात आणि आपल्या पेठेत शांत बसून आहे.

त्याच्या वडीलपणाचा पुरावा सरकारी कागदात सापडतो. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना ज्या गावच्या हद्दीत उभा आहे त्याचे दप्तरी नाव 'पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक' असे आहे. तर्फ म्हणजे जुन्या महसुली व्यवस्थेतील गावांचा गट. गहाणखतावर हे लांबलचक नाव ज्याने एकदा वाचले, त्याला अवसरी बुद्रुक एके काळी आसपासच्या गावांचे डोके होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगाव त्या पाण्याखाली गेले आणि खालच्या अंगाच्या जमिनी ओलिताखाली आल्या. बटाटा आणि कांदा आधीपासून होताच, त्यात ऊस वाढला, आणि उसाच्या आडोशाने बिबट्याही मुक्कामाला आला. आज आंबेगाव-जुन्नरच्या या पट्ट्यात अंधार पडल्यावर एकट्याने शेतवाटेने जाण्यास माणसे कचरतात. या गोष्टीचा आपल्या विषयाशी संबंध आहे, कारण या रस्त्यांवरून काही माणसे आजही पायांनीच प्रवास करतात, आणि तोही अनवाणी.

मारवाडातून आलेली ओसवाल कुटुंबे महाराष्ट्राच्या बाजारगावांत कशी स्थिरावली हा इतिहास या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. किराणा, कापड, भुसार, आडत, पुढे खते आणि बी-बियाणे असा क्रम घरोघरी सारखाच आढळेल. घरात मारवाडी, गल्ल्यावर अस्सल घाटावरची मराठी आणि सामायिकात अर्धमागधी, अशा तीन भाषा एकाच जिभेवर नांदतात. दुकान पुढे, घर मागे, आणि पेठेत जवळच कोठेतरी स्थानक. विहाराच्या वाटेवरील गावांना या रचनेने फार मोठा आधार दिला आहे. आठ महिने चालायचे आणि पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबायचे, या नियमाने बांधलेल्या साधू-साध्वींना दर काही कोसांवर निर्दोष आहार, अचित्त पाणी आणि निवारा लागतो. पुणे-नाशिक वाटेवर तो या छोट्या गावांतील चार-दोन घरांनी पिढ्यानपिढ्या पुरविला आहे. पूर्वी निरोप घेऊन माणूस येत असे, आता भ्रमणध्वनीवर संदेश येतो: उद्या सकाळी चार ठाणे. म्हणजे चार महासतीजी.

कित्येकदा या चार ठाण्यांबरोबर एक पाचवी व्यक्ती असते, जिची गणती संदेशात नसते. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाची साधी वस्त्रे, पाठीला पिशवी, वय अठरा ते पंचवीसच्या दरम्यान. ती साध्वी नाही आणि पूर्वीच्या अर्थाने घरचीही उरलेली नाही. स्थानकवासी परंपरेत तिला वैरागन म्हणतात, अन्यत्र मुमुक्षू. या मधल्या मुलीविषयी आपल्या समाजात फारसे लिहिले जात नाही. दीक्षा ठरली की पत्रिका निघते, शोभायात्रा होते, छायाचित्रे छापून येतात. त्याआधीची दोन, तीन, कधी पाच वर्षे मात्र झाकलेली राहतात.

ही झाकपाक बाहेरच्यांना गूढ वाटते. शेजारच्या शेतकरी घरातील बाई सहज विचारते, आत त्या एवढ्या काय करतात, दार का लोटलेले असते? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही शास्त्रात आहे. बृहत्कल्पसूत्रात साधूंनी कोठे उतरावे आणि साध्वींनी कोठे उतरू नये याची बारीक चर्चा आहे. दुकानाच्या जागेत, रस्त्याच्या तोंडाशी किंवा चव्हाट्यावर साध्वींनी मुक्काम करू नये, साधूंना चालेल. उघड्या दाराच्या जागेत साध्वींनी राहू नये. दुसरी जागा नसेल तर दाराला आतून एक आणि बाहेरून एक असा पडदा लावून राहावे. या पडद्याला तेथे 'चिलिमिलिका' असा गोड शब्द आहे. व्यापारी पेठेतील घरांची दारे रस्त्यावरच उघडतात, म्हणून साध्वींसाठी मागची खोली किंवा माडी रिकामी करून दिली जाते. साधूंना एका गावी शेषकाळात एक महिना आणि साध्वींना दोन महिने राहता येते, हाही याच ग्रंथातील नियम. साध्वीला एकटीने बाहेर पडता येत नाही. ज्या काळी रस्त्यावरची स्त्री असुरक्षित होती त्या काळी स्त्रियांच्या एका मोठ्या संघाला पायी देशभर फिरता यावे, यासाठी केलेली ही तजवीज आहे. कल्पसूत्रातील गणना खरी मानली तर भगवान महावीरांच्या संघात साधू १४,००० आणि साध्वी ३६,००० होत्या. पडद्याआडचा वर्ग संख्येने अडीचपट होता हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरा झाकलेला भाग प्रायश्चित्ताचा. दिवसभरातील लहानमोठ्या दोषांची आलोचना गुरुणींपुढे करायची असते आणि ती दोघींतच राहते. कोणत्या दोषाला कोणते प्रायश्चित्त याचे ग्रंथ म्हणजे छेदसूत्रे. गृहस्थांनी ती वाचू नयेत असा जुना संकेत आहे, आणि त्यांतील एकाचे 'निशीथ' हे नावच रात्र सुचविणारे आहे. काही परंपरांत साध्वींनाही या ग्रंथांच्या अध्ययनाचा अधिकार दिला जात नाही. ज्या नियमांनी जिचे आयुष्य तोलले जाणार, ते नियम तिने मूळ ग्रंथात वाचू नयेत, ही गोष्ट आजच्या सुशिक्षित मुलीला खटकली तर तिला दोष देता येणार नाही.

वैरागनचा दिवस पहाटे चारच्या सुमारास उजाडतो. प्रतिक्रमण, मग पाठांतर. पंचवीस बोल, नवतत्त्व, थोकडे, त्यानंतर दशवैकालिकाची अध्ययने. पाथर्डी येथील श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा अनेक मुली या काळात देतात. आचार्यसम्राट आनंदऋषीजी म.सा. यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या बोर्डाने महाराष्ट्रातील कित्येक घरांत प्राकृत पोहोचविली. पुस्तकी अभ्यास मात्र तुलनेने सोपा. शरीराला शिकवावे लागते ते अधिक. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर अनवाणी चालणे. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणे. पंख्याविना झोपणे. एका घरी पोटभर न घेता अनेक घरी थोडेथोडे घेण्याच्या गोचरीचे बेचाळीस दोष ओळखणे. दीक्षा झालेली नसल्याने ती स्वतः गोचरीला जात नाही, श्रावकाच्या घरी एका बाजूस बसून जेवते, आणि यजमानीण आग्रहाने पुरणाची पोळी वाढू लागली तर हात आडवा धरते. कढीपत्त्याच्या फोडणीचा वास तिलाही येतच असतो. तिने वास विसरावा अशी अपेक्षा नाही, वास आला तरी मन जागेवर राहावे एवढीच आहे.

केशलोचाचा सरावही काही जणी या काळात करतात. आई भेटायला येते तेव्हा आधी डोक्याकडे पाहते.

घरी भ्रमणध्वनी ठेवून आलेली, बारावी किंवा बी.कॉम. झालेली, भावाच्या दुकानात संगणकावर वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरून दिलेली ही मुलगी असते. अडाणी नसते, दबलेली असते असेही नाही. किंबहुना घरातील सर्वांत ठाम व्यक्ती तीच असल्याचे वडिलांना फार उशिरा कळते.

अशा मुलीची सर्वज्ञात कथा याच परिसरात घडली आहे. अवसरीहून पुन्हा घाट चढून राजगुरुनगरला यावे आणि भीमेच्या काठाने पश्चिमेला वळावे, म्हणजे चास आणि कमान ही जोडगावे लागतात. चासचे महादजी कृष्ण जोशी हे पेशवाईतील नामांकित सावकार. त्यांची कन्या काशीबाई थोरल्या बाजीरावांची पत्नी झाली. सावकारीची परंपरा असलेल्या या चासकमान परिसरात २६ जानेवारी १९३७ रोजी कटारिया कुटुंबात शकुंतला नावाची मुलगी जन्मली. वडील माणिकचंद, आई प्रेमकुंवर. शाळा तिसरीपर्यंत. आजोळच्या आजोबांच्या प्रेरणेने ती महासती सुमतिकुंवरजी यांच्याकडे गेली आणि वयाच्या चौदाव्या वर्षी दीक्षा घेऊन साध्वी चंदना झाली. चंदना हे नाव साधे नाही. बाजारात विकली गेलेली, धनावह शेठाच्या घरी आसरा मिळालेली, त्याच घरातील मूला शेठाणीने मत्सराने मुंडन करून बेड्यांत ठेवलेली आणि पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासानंतर भगवंतांना उडदाचे बाकळे वाढणारी चंदनबाला ही साध्वीसंघाची पहिली प्रमुख. एका व्यापाऱ्याच्या घरात तिला आधारही मिळाला आणि बेड्याही मिळाल्या, हे व्यापारी वाचकांनी विसरू नये.

तिसरी शिकलेल्या शकुंतलेचे पुढे काय झाले? बारा वर्षे मौन पाळून त्यांनी आगमांचे आणि इतर धर्मांचे अध्ययन केले असे सांगितले जाते. पाथर्डी बोर्डाची शास्त्री, प्रयागची साहित्यरत्न आणि मुंबईच्या भारतीय विद्या भवनाची दर्शनाचार्य या पदव्या त्यांनी मिळविल्या. पुढे उपाध्याय अमरमुनीजींच्या मार्गदर्शनाखाली त्या बिहारात राजगृहीला गेल्या आणि तेथे वीरायतन उभे राहिले. सेवा, शिक्षा आणि साधना ही तिची त्रिसूत्री. तेथील नेत्ररुग्णालयात परिसरातील गोरगरिबांच्या डोळ्यांवर उपचार होऊ लागले, शाळा निघाल्या, गुजरातमधील २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्येही काम सुरू झाले. १९८७ साली अमरमुनीजींनी त्यांना आचार्यपद दिले. स्त्रीला आचार्यपद ही गोष्ट अनेकांना रुचली नाही. साध्वीने वाहनात बसावे, परदेशी जावे, रुग्णालय चालवावे, हेही रुचले नाही. परंपरेच्या अभिमान्यांचा आक्षेप केवळ दुराग्रहाचा नव्हता. वाहन आले की सोय येते, सोय आली की संग्रह येतो, ही भीती जुनी आणि अनुभवाची आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२५ साली त्यांचे देहावसान झाले. आक्षेप घेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी त्या दिवशी नवकार मंत्राचा जप झाला असेल, आपला समाज असाच आहे.

ही कथा दीक्षेच्या समर्थनार्थ नेहमी सांगितली जाते. ती सांगताना एक गोष्ट मात्र निसटते. १९५० च्या आसपास खेड तालुक्यातील व्यापारी घरातील चौदा वर्षांच्या मुलीसमोर दुसरी वाट कोणती होती? शाळा संपलेली होती, पुढची पायरी लग्नाची. पुस्तकांकडे आणि दर्शनशास्त्राकडे जाणारा तिच्यापुरता उघडा असलेला एकमेव दरवाजा स्थानकाचा होता. त्या दरवाजातून गेलेली मुलगी आचार्य झाली. आजच्या मुलीसमोर पुण्याचे महाविद्यालय आहे, सनदी लेखापालाची परीक्षा आहे, भावाच्या बरोबरीचा वारसाहक्क आहे. तरीही ती स्थानकाकडे वळते. तेव्हा तिचा निर्णय शकुंतलेच्या निर्णयापेक्षा वेगळ्या जातीचा आहे आणि तो वेगळ्या कसोटीवर पारखला पाहिजे. तो अधिक स्वतंत्र असू शकतो, आणि चातुर्मासाच्या भारावलेल्या वातावरणात, मैत्रिणीच्या दीक्षेच्या मिरवणुकीत, किंवा घरातील एखाद्या अबोल दुःखातून उगवलेलाही असू शकतो. ही पारख करण्याचा काळ म्हणजेच वैरागनपण.

वयाचा वाद जुनाच आहे. व्यवहारसूत्राने आठ वर्षांखालील बालकास महाव्रते देऊ नयेत असे सांगितले. खुद्द आनंदऋषीजी अहिल्यानगर जिल्ह्यातील मिरी येथे १९१३ साली दीक्षित झाले तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्यानंतर वारे बदलले. मुंबईत १९२९ साली स्थापन झालेल्या जैन युवक संघाने बालदीक्षेविरुद्ध आवाज उठविला. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने १९३३ साली अल्पवयीनांच्या संन्यासदीक्षेवर कायद्याने निर्बंध घातला. १९५५ साली मुंबई विधानसभेत प्रभुदास पटवारी यांनी तशाच आशयाचे विधेयक मांडले, त्यावर मोठे वादळ उठले आणि त्याचा कायदा झाला नाही. कायद्याने जे झाले नाही ते बऱ्याच अंशी समाजाने आपणहून केले. मुलीने पदवी पूर्ण करावी, निदान सज्ञान व्हावे, असे आज बरेच गुरुजन सांगतात. सर्वच सांगत नाहीत, हेही खरे.

वयापेक्षा मोठा प्रश्न मुदतीचा आहे. ख्रिस्ती मठांत नवशिक्षितेला किमान एक वर्षाचा उमेदवारीचा काळ असतो, मग काही वर्षांपुरती व्रते, आणि निदान तीन वर्षे उलटल्यानंतरच आजन्म व्रतांचा प्रश्न येतो. आपल्याकडे 'करेमि भंते'चा पाठ उच्चारला की तो यावज्जीव. लहान दीक्षेनंतर सात दिवसांनी, चार महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी बडी दीक्षा होते, पण ती परत फिरण्याची मुदत नव्हे. तेरापंथाने या प्रश्नाकडे अधिक व्यवस्थितपणे पाहिले असे म्हणावे लागते. लाडनूच्या पारमार्थिक शिक्षण संस्थेत मुमुक्षू भगिनींना रीतसर अभ्यासक्रम असतो, आणि १९८० साली आचार्य तुलसींनी समण श्रेणी सुरू करून गृहस्थ आणि साध्वी यांच्यामध्ये एक अधिकृत पायरी बांधली. समणींना वाहनाने प्रवास करता येतो, परदेशी जाऊन शिकविता येते. स्थानकवासी आणि मूर्तिपूजक घरांत अशी पायरी नाही. तेथे चाचणी असेल ती वैरागनपणाच्या दोन-चार वर्षांतच.

म्हणून या वर्षांत परत फिरण्याचा मार्ग खरोखर मोकळा असायला हवा, आणि दुखणे नेमके तेथे आहे. मुलगी विहारात गेली की नातेवाईक तिच्या पाया पडू लागतात. स्थानकात तिचे अनुमोदन होते, मामा-मावशी चोळखणाऐवजी पुंजणी भेट देतात. वीस वर्षांच्या मुलीला 'आपण धन्य आहात' असे पन्नास माणसांनी सांगितल्यावर, एके दिवशी थकून 'मला घरी जायचे आहे' म्हणण्याचे धैर्य ती कोठून आणणार? आणि आणलेच, तर स्थळे बघताना तीच माणसे विचारतात की ही मध्येच का परतली. दीक्षेनंतर परतलेल्यांची कथा तर याहून कठीण. ज्या समाजात दिवाळखोरीतून सावरलेल्या व्यापाऱ्याला पुन्हा पतीवर माल मिळतो, त्या समाजाने उंबरठ्यावरून परतलेल्या मुलीची पत का बुडवावी?

बापाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. दीक्षेपूर्वी श्रीसंघासमोर आज्ञापत्र द्यावे लागते. पालकांच्या आज्ञेविना दीक्षा नाही, हा दंडक आहे. वडिलांनी आयुष्यात शेकडो कागदांवर सह्या केलेल्या असतात: कर्जरोखे, जामीनपत्रे, भागीदारीचे करार. या एका कागदाला मुदत नाही, नूतनीकरण नाही, मुदतपूर्व परतफेडही नाही. पेठेतला माणूस अशा कागदावर सही करताना सहसा रडत नाही. तो पेन झटकून पाहतो, शाई उतरते की नाही याची खात्री करून घेतो, आणि मग सही करतो. कित्येक बाप तीन तीन वर्षे नकार देतात. मुलगी गोड खाणे सोडते, मग बापही सोडतो, आणि घरात कोणी कोणाला हरवत नाही.

अवसरीच्या उत्तरेला जुन्नर. या वाटेने जाणाऱ्याने तेथे अवश्य थांबावे. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट, कोकणातून वर येणाऱ्या व्यापाराची सातवाहनकालीन वाट. घाटमाथ्याच्या गुहेत नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानदक्षिणेची लांबलचक यादी आहे, गाई, घोडे, सहस्रावधी कार्षापण. पण त्याच लेखात राणीचे जे वर्णन आहे ते पाहून जैन वाचक चमकतो. महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. धर्म वैदिक, भाषा प्राकृत, आणि मासखमणासारखी तपश्चर्या एका राजस्त्रीची, दोन हजार वर्षांपूर्वीची.

जुन्नरभोवतीची लेणी बौद्धांची आहेत. तेथील शिलालेख पेढीवर बसणाऱ्या माणसाने मुद्दाम समजून घ्यावेत असे आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. कासारांच्या आणि वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी कायम ठेवी ठेवल्या गेल्या. ठेव मोडायची नाही आणि उत्पन्नातून धर्मकार्य चालवायचे, ही आजच्या न्यासांची पद्धत येथे तेव्हाच रूढ होती. आणि एका लेखात, नगरातील धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या उपाश्रयाला दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे लेण्यांत भिक्षू डोंगरावर राहत आणि भिक्षुणींचे निवासस्थान मात्र नगरात, वस्तीच्या सोबतीने होते. बृहत्कल्पाचा पडदा आणि जुन्नरचा हा उपाश्रय एकाच काळजीतून निघालेले वाटतात. पुढे मानमोडी डोंगरातील लेण्यांच्या एका गटात जैन मूर्ती आल्या, आणि तो गट आजही अंबिकेच्या नावाने ओळखला जातो. जुन्नरच्या त्या भिक्षुणींत एखादी व्यापाऱ्याची मुलगी असेल का, तिच्या बापाने किती वर्षे नकार दिला असेल, हे दगड सांगत नाही.

अवसरीकडे परत येताना महामार्गाने न येता आतल्या रस्त्याने यावे. उसाच्या गाड्या, बटाट्याच्या वखारी, मंचरच्या बाजार समितीकडे निघालेल्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या. हल्ली विहाराला सर्वांत मोठा धोका बिबट्याचा राहिलेला नाही. रुंद झालेल्या रस्त्यांवर वाहनांच्या धडकेत साधू-साध्वींचे जीव गेल्याच्या बातम्या दरवर्षी कोठून ना कोठून येतात. म्हणून गावोगावच्या तरुणांनी विहारसेवेचे गट केले आहेत. दुकान उघडण्यापूर्वी ही मुले चमकणारी जाकिटे घालून साध्वींच्या मागेपुढे चालतात, मागून येणाऱ्या मालमोटारीला हात करतात आणि नऊ वाजता गल्ल्यावर बसतात. धर्मावर व्याख्यान देणाऱ्यांपेक्षा या मुलांचे पुण्य थोडे अधिकच भरावे.

सूर्योदय झाल्यावाचून पाऊल टाकायचे नाही. तोपर्यंत मागच्या खोलीत पडिलेहण चालते. प्रत्येक वस्त्र उलगडून, त्यात जीवजंतू नाही ना हे पाहून, पुन्हा घडी घालायची. वैरागनही आपल्या दोन-तीन कपड्यांचे असेच पडिलेहण करते, अजून तिला ते बंधनकारक नाही तरी. मग घराच्या यजमानांना मांगलिक ऐकविले जाते, दाराचा पडदा काढून घडी करून परत दिला जातो, आणि चार ठाणी रस्त्याला लागतात. पाचवी क्षणभर मागे राहते. घरातील सासूबाई तिच्या हातात पाण्याची बाटली देतात आणि नकळत विचारतात, "आई बरी आहे ना गं?" ती मान हलवते, चप्पल नसलेले पाय एकदा खडीवर टेकवून पाहते आणि पुढच्या चौघींना गाठण्यासाठी भरभर चालू लागते.